विळ्यावर जगलेलं गवत



शहापूर-मुरबाडच्या लोकांपुढे गवतावर व्याख्यान द्यायचं हा तसा आगाऊपणाच. इथे घराघरात विळा आहे, आणि विळा हातात असलेल्या माणसाला गवताची ओळख वनस्पतिशास्त्राच्या मास्तरापेक्षा लवकर पटते. पण ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपल्या विद्यार्थ्यांचा आगाऊपणा खपवून घ्यायचे असं ऐकून आहे. त्यांच्या भरवशावर बोलतो.

संकटात सापडलेली प्रजाती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाघ येतो, गिधाड येतं, फार तर एखादं ऑर्किड येतं. गवत येत नाही. गवत संपेल कसं, ते तर न पेरता उगवतं, असा आपला समज. आणि संपत असेलच तर ते गुरांनी खाऊन आणि माणसांनी कापून संपत असणार, असा दुसरा समज. माझं म्हणणं या दुसऱ्या समजाच्या विरुद्ध आहे. आपल्या डोंगरउतारांवरचं गवत शेदीडशे वर्षं विळ्याखाली होतं आणि टिकलं. आता विळा थांबला आहे आणि ते मरतं आहे.

आधी गवत कोणतं ते बघू. भातखाचरं सोडून वर चढलं की वरकस जमीन लागते. मृगाचा पाऊस झाला की पंधरा दिवसांत ती हिरवी होते, भाद्रपदात तिथे कमरेएवढं गवत उभं असतं आणि दसऱ्याच्या सुमाराला ते पिवळं पडू लागतं. त्यात शेडा असतो, पवन्या असतो, खालच्या ओलीला मारवेल आणि मोशी असते, उघड्या मुरमाड उतारावर कुसळी. दबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी देशभर फिरून १९७३ साली भारताच्या गवती आच्छादनावर जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात देशाच्या गवताळ प्रदेशांचे पाच मोठे प्रकार केले आहेत. त्यातला दख्खनच्या द्वीपकल्पाचा प्रकार शेडा आणि मारवेल यांच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे आपल्या बांधावरची ही दोन गवतं अर्ध्या देशाची ओळख आहेत. सातबाऱ्यावर मात्र त्यांची नोंद ‘गवतपड’. तिथे काही पिकत नाही, असा तलाठ्याचा त्यातून निरोप.

कुसळीचा दाणा कधी तळहातावर घेऊन बघा. खाली सुईसारखं टोक, टोकावर उलट्या दिशेने फिरलेले राठ केस, आणि मागे बोटभर लांब तपकिरी कुसळ. कोरडं असताना त्या कुसळाला पीळ पडलेला असतो आणि मधे ते वाकलेलं असतं. दंव पडलं, ओल लागली की पीळ उलगडतो. ऊन तापलं की पुन्हा बसतो. या उलगडण्या-वळण्यात दाणा स्वतःभोवती फिरतो आणि उलट्या केसांमुळे मागे न येता मातीत शिरत जातो. ज्याला नांगर नाही, पेरणारा हात नाही, त्याने स्वतःची पेरणी अशी बसवून घेतली आहे. तोच दाणा धोतराच्या सोग्यात शिरतो, मेंढीच्या लोकरीतून कातडीत उतरतो आणि जनावराच्या हिरड्यांना जखमा करतो. त्यामुळे जाणता गुराखी कुसळं कडक व्हायच्या आत कुसळीचा माळ चारून घेतो. वारंवार वणवा लागणाऱ्या, गुरांनी पार खरवडलेल्या उतारावर हीच कुसळी माजते. शेडा, मारवेल मागे हटतात. कोणतं गवत कुठे उभं आहे यावरून त्या जमिनीवर गेल्या दहा वर्षांत काय गुदरलं ते सांगता येतं. सातबारा एवढं सांगत नाही.

ही झाली नेहमीची, सगळ्यांच्या ओळखीची मंडळी. त्यांच्या गर्दीत जी दबून राहतात ती खरी दुर्मीळ. जगात गवतांच्या बारा हजारांच्या आसपास प्रजाती आहेत, त्यांतल्या कित्येक सह्याद्री आणि कोकणाबाहेर कुठेच नाहीत. काहींची तर अख्खी वंशावळच एकट्याने चालते. पोगोनॅक्ने नावाच्या कुळीत एकच गवत, आणि त्याचं घर म्हणजे आपला हा उत्तर सह्याद्री आणि कोकणाचा पट्टा. ट्रायलोबॅक्ने कुकी हेही तसंच एकुलतं. पूर्वी त्याला मक्याच्याच गटात घालत, कारण त्यातही नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. त्याच्या नावातले कुक म्हणजे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक; मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. पण ही सगळी साहेबांचीच कामगिरी होती असं मानू नका. भिडिया नावाची एक गवताची कुळी आहे. ती पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ रा. के. भिडे यांच्या नावाने. ट्रायपोगॉन लिस्बोई हे कातळावरचं बारीक गवत ज्युलिया लिस्बोआ या बाईंच्या नावाने. गोव्याकडचे डॉक्टर लिस्बोआ मुंबईत नावाजलेले वैद्य आणि वनस्पतींचे अभ्यासक. त्यांच्या या पत्नीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातल्या गवतांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले आणि एका सुगंधी गवताला शास्त्रीय नाव दिलं. त्या काळात एका बाईने गवत या विषयावर अधिकाराने लिहावं आणि आपण तिचं नाव विसरावं, हेही आपल्या गवताकडे बघण्याच्या रीतीला धरूनच झालं. पुढे १९३५ मध्ये फादर ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांचा मुंबईच्या गवतांवरचा ग्रंथ आला आणि २०१२ मध्ये पोतदार, साळुंखे आणि यादव यांचा महाराष्ट्रातल्या गवतांचा.

यातल्या यादवसरांचं नाव आलं, तेव्हा हबार्डियाची गोष्ट सांगायलाच हवी, जरी ती ठाणे जिल्ह्याची नाही. १९१९ साली सेजविक आणि बेल या दोन साहेबांनी गिरसप्प्याच्या धबधब्यापाशी, तुषारांनी कायम भिजलेल्या कातळावरून एक नाजूक गवत गोळा केलं. बोर या गवततज्ज्ञाने पुढे त्याला हबार्डिया हेप्टान्यूरॉन असं नाव दिलं. मधल्या काळात शरावतीवर धरण झालं, धबधब्याचं पाणी सरकारच्या मर्जीने पडू लागलं, आणि ते गवत तिथे पुन्हा कुणाला दिसलं नाही. नामशेष झालं असं जगाने मान्य केलं. आणि २००२ मध्ये ते सापडलं कुठे, तर कोल्हापूर जिल्ह्यात, चंदगडकडच्या तिलारी घाटात, शिवाजी विद्यापीठाच्या डॉ. श्रीरंग यादव यांच्या चमूला. ऐंशीहून अधिक वर्षांनी. आज ते अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. ओल्या कातळाची एक भिंत, तिच्यावरून झिरपणारं पाणी, एवढाच त्याचा संसार. पाणी वळवलं की संसार मोडला. तसल्या झिरपणाऱ्या कातळभिंती आपल्याकडे माहुलीला आहेत, आजोबाला आहेत, सिद्धगडाला आहेत. पावसाळ्यात तिथे गर्दीही पुष्कळ असते. ती धबधब्याखाली भिजायला येते.

आपल्या उतारांवरच्या दुर्मीळ गवतांची गोष्ट इतकी नाट्यमय नाही, म्हणून ती अवघड आहे. यातली बरीचशी वर्षायू. जूनमध्ये रुजायचं, गणपती-नवरात्रात फुलायचं, दिवाळीपर्यंत दाणे सांडून वाळून जायचं. पुढच्या वर्षीची सगळी भिस्त त्या सांडलेल्या दाण्यांवर, आणि गवताचे दाणे जमिनीत वर्षानुवर्षं तग धरून राहतीलच असं नाही. दोन-तीन पावसाळे ओळीने चुकले की त्या जागेवरून ते गेलं. रुजताना त्याला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे ऊन. गेल्या वर्षीच्या न कापलेल्या गवताची कुजकी गादी वर असेल, शेजारी घाणेरीचं जाळं असेल, तर कोंब वर येतो आणि पिवळा पडून मरतो. आपला पाऊस अडीच-अडीच हजार मिलिमीटरचा. इतक्या पावसात जमीन मोकळी सोडली तर ती गवताची राहत नाही, झुडपांची आणि मग झाडांची होते. ती गवताची राहिली कारण दरवर्षी कुणीतरी ती कापत होतं, चारत होतं, क्वचित जाळतही होतं.

कोण कापत होतं, आणि कशासाठी? इथे थोडं थांबायला हवं, कारण हा इतिहास गोड नाही.

१८६१ पर्यंत रेल्वे वासिंद, आसनगाव करत कसाऱ्याला पोचली. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या. शिवाय लष्कराचे घोडे, व्हिक्टोरियाचे घोडे, तबेल्यांतल्या म्हशी. एवढ्या तोंडांना वाळलेलं गवत लागे, आणि ठाणे जिल्ह्याच्या गवताला ही बाजारपेठ दाराशीच होती. गवताच्या वखारी उभ्या राहिल्या, गवत दाबून गासड्या बांधणारे प्रेस आले. नांगरणी नाही, बी-बियाणं नाही, खत नाही. खर्च काय तो कापणीचा, आणि कापणारे होते वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी. डोंगरउतार सावकार-जमीनदारांच्या नावावर गेले आणि ज्यांचे ते होते ते तिथे विळा घेऊन मजुरीला उभे राहिले. टिटवाळ्याला १९४५ च्या जानेवारीत किसान सभेचं अधिवेशन झालं, तिथून वारल्यांनी जे मनात घेतलं ते त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूच्या बाजूला पेटलं. त्या लढ्यातल्या मुख्य मागण्यांपैकी एक गवताची होती: पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ ला, ऐन गवतकापणीच्या हंगामात, तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या चालवल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी पडले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ते दिवस आहेत. शेजारच्या पारडी तालुक्यात १९५३ साली सत्याग्रह झाला तोही गवतावरूनच. ईश्वरभाई देसाई आणि अशोक मेहता यांचं म्हणणं असं की जमीनदार मुंबईच्या बाजारासाठी जमिनी गवताला ठेवतात आणि आदिवासी अन्नावाचून राहतो. त्या जमिनी धान्याला द्या.

म्हणून ‘पूर्वीचे गवताळ माळ किती सुंदर होते’ असं कुणी म्हणू लागलं की मी अस्वस्थ होतो. सुंदर होते, पण ते कुणाच्या पाठीवर उभे होते ते आधी सांगा. आणि तरीही गवताच्या बाजूने पाहिलं तर एक गोष्ट नाकारता येत नाही. सावकाराला गवत जड हवं होतं, वाळलेलं हवं होतं, म्हणून कापणी दसऱ्यानंतर व्हायची. तोवर बहुतेक गवतांचे दाणे जमिनीवर सांडलेले असत. जमीन उन्हाला मोकळी व्हायची, खुंट राहायचे आणि पुढच्या मृगाला बारीकसारीक गवतांनाही उगवायला जागा मिळायची. गवत राखायचं म्हणून कुणी हे केलं नाही. भावासाठी केलं, आणि त्यात ती तगून गेली.

मग धंदा ओसरला. १९४९ नंतर म्हशी आरे वसाहतीत गेल्या आणि तिथे पॅरा गवत पिकवून त्यांना घातलं जाऊ लागलं. पुढे संकरित नेपियर आलं, भाताचा पेंढा यंत्राने बांधून मिळू लागला. गावातली गुरं कमी झाली, कारण नांगराच्या जागी पॉवर टिलर आला. राबासाठी पाला, शेण, गवत यांचे थर घालून जाळायचे, तेही कमी झालं. घरं शाकारायची गरज उरली नाही, पत्रा आणि स्लॅब आले. यातल्या कशाबद्दलही मला तक्रार करता येत नाही. गळणाऱ्या छपराखाली ज्याने पावसाळे काढले त्याला गवताच्या छपराचं कौतुक सांगणं हा शुद्ध निर्लज्जपणा ठरेल. परिणाम एवढाच की उतारावरच्या गवताशी कुणाचं काम उरलं नाही.

आणि ज्याच्याशी कुणाचं काम नाही अशा जमिनीवर सगळ्यांचा डोळा जातो.

पहिला डोळा प्लॉटवाल्याचा. मुंबईपासून दोन तासांवर, डोंगराचा देखावा, वर आता समृद्धी महामार्ग. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये शहापूर तालुक्यातून खुला झाला. जेसीबी येतो, वरची वीतभर माती खरवडून बाजूला लोटतो, मुरूम पसरतो, तारेचं कुंपण पडतं. ती वीतभर माती हीच गवताची बियांची कणगी होती. फार्महाऊसवाले पुढे तिथे लॉन लावतात, म्हणजे गवत काढून गवतच लावतात, फक्त परदेशी, रोज पाणी मागणारं. प्लॉटांच्या जोडीला धरणं, आणि धरणांची गोष्ट या तालुक्यांना नवी नाही. तानसा १८९२ चं, मध्य वैतरणा २०१४ चं. बारवी आहे, भातसा आहे. काळू धरणाचं काम वनखात्याच्या परवानगीशिवाय सुरू झालं आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने थांबवलं. त्यात जवळपास हजार हेक्टर वनजमीन बुडणार होती. बुडिताच्या हिशेबात झाडं मोजतात. गवत कोण मोजणार?

दुसरा डोळा चांगल्या माणसांचा आहे, आणि मला तो जास्त धोक्याचा वाटतो. झाडं लावणाऱ्यांचा. २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत राज्याने आधी चार कोटी, मग तेरा कोटी, मग तेहतीस कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं. एवढे खड्डे मारायचे कुठे? दाट जंगलात जागा नाही, शेतात शेतकरी मारू देत नाही. राहिली मोकळी दिसणारी जमीन, गवतपड. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशावलीतही असे माळ आणि झुडपी उतार पडीक म्हणूनच रंगवलेले असतात. तिथे खड्डे झाले, गिरिपुष्प आलं, ऑस्ट्रेलियन बाभूळ आली. जी रोपं मेली त्यांनी गवताचं फार नुकसान केलं नाही. जी जगली त्यांनी केलं. ऑस्ट्रेलियन बाभळीखाली पडणारा तो चामड्यासारखा पाला उचलून खाली काय उरलंय ते एकदा बघून या. सरकारला हिरवा रंग म्हणजे झाड, एवढंच समजतं. ज्या देशाच्या कायद्याने बांबूला, म्हणजे एका गवताला, १९२७ पासून झाड ठरवलं आणि वनाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून काढायला २०१७ उजाडलं, त्याच्याकडून याहून बारीक नजरेची अपेक्षा तरी काय ठेवायची!

तिसरं संकट पायाने चालत येतं. गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा नोंदलं गेलं. नाव गवताचं, जात सूर्यफुलाची. घाणेरी त्याच्या फार आधीची. रानमोडी आता रस्त्याच्या कडेने घाटात चढली आहे, आणि पिवळा कॉसमॉस तर लोक हौसेने फोटो काढायला जपतात. यातलं काहीही गुरं धड खात नाहीत. कापलेल्या, चारलेल्या गवतात यांना सहसा शिरकाव मिळत नाही. मोकाट सोडलेल्या उतारावर दोन पावसाळे पुरतात. बांधांवर हल्ली तणनाशक फवारतात, तिथे मारवेल मरतो आणि नंतर आधी गाजरगवतच येतं. वणव्याबद्दल मी फार बोलणार नाही; त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. एवढंच सांगतो की फेब्रुवारीतला वणवा सांडलेल्या दाण्यांपेक्षा रोपट्यांचं आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांचं जास्त वाटोळं करतो, आणि न कापलेलं गवत जितकं जास्त तितका तो मोठा होतो.

मग करायचं काय? कुंपण घालून ‘गवत अभयारण्य’ करा, अशी सूचना मला कुणीतरी दरवेळी करतं. कुंपणाच्या आत पाच वर्षांत घाणेरी होईल. कुंपण गुराला अडवतं, विळ्यालाही अडवतं, आणि इथे विळाच पाहिजे आहे. दुर्मीळ गवताचे चार दाणे बियाणे बँकेत जरूर ठेवावेत, विद्यापीठाच्या बागेत जरूर वाढवावेत, पण ते झालं दवाखान्यात ठेवणं.

गवत उतारावरच राखायचं तर वाट दुसरी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक हक्क दिले, त्यात चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे, गौण वनोपजाचा आहे आणि वन राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचाही आहे. तुमच्या काही गावांत या हक्कांची कागदपत्रं ग्रामसभेच्या कपाटात असतील. व्यवस्थापनाचा आराखडा करताना आपण बांबू लिहितो, मोह लिहितो, हिरडा लिहितो. त्यात गवताचं एक पान घाला. कोणता उतार कापायचा, कोणता एक वर्ष आड ठेवायचा, कापणी दाणे सांडल्यावरच, म्हणजे कोजागिरीच्या अलीकडे विळा लावायचा नाही. गवताच्या सड्यावर आणि माळावर वृक्षलागवडीचा खड्डा मारायचा नाही, असा ठराव घ्या आणि वनखात्याला लेखी कळवा. रानमोडी फुलायच्या आत, मार्गशीर्षापूर्वी, उपटा. आणि या कामाची मजुरी अडीच रुपयांच्या हिशेबाने नको. जमीन गावाची, गवत गावाचं आणि भावही गावाने ठरवलेला.

भाव मिळेल का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला माझ्यापेक्षा तुमच्यातले दूध घालणारे चांगलं उत्तर देतील. उन्हाळ्यात कल्याण-भिवंडीकडच्या तबेल्यांना सुका चारा लांबून आणावा लागतो, वाहतुकीलाच पैसे जातात. मुरबाडहून कल्याण तीसेक किलोमीटर. एखाद्या गटाने गासड्या बांधायचं यंत्र भाड्याने घेऊन एक हंगाम करून बघायला हरकत नाही. पण तबेलेवाल्यांशी बोलणी गणपतीच्या आधी व्हायला हवीत. ते आपल्या चाऱ्याचे सौदे नवरात्रापर्यंत पक्के करून टाकतात.